फिनिक्सच्या अंगणातील पाटपाणी : समज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, फिनिक्स शहराच्या जुन्या वस्त्यांतून, घराभोवतीचे आवार बुटक्या वरंब्यांनी बंदिस्त केलेले व त्यात वीतभर पाणी साचलेले पाहून, नवागत गृहस्थाची प्रथम अशी समजूत होते की, वाळवंटात पिण्याचे पाणी हिरवळीवर ओतले जात आहे. सिंचनाची ही रीत काटकसरीची की उधळपट्टीची, यावर वाद होऊ शकेल. परंतु पिण्याचे पाणी ओतल्याचा आरोप टिकणारा नाही. सॉल्ट व व्हर्डी या नद्यांचे पाणी नगरपालिकाही घेते आणि शुद्ध करून नळाला सोडते. ‘सॉल्ट रिव्हर प्रोजेक्ट’ ही संस्था अंगणासाठी जे देते ते मात्र, पाणवनस्पतींचा फडशा पाडण्यासाठी मुद्दाम मासे सोडलेल्या कालव्यातून आलेले कच्चे पाणी असते, तोंडाला लावण्याजोगे नव्हे.

पैसे भरले की कोणासही हे पाणी मिळते, हाही भ्रमच. 1902 च्या संघीय सिंचन कायद्यानंतर, 1903 मध्ये खोऱ्यातील जमीनमालकांनी संघ स्थापून आपल्या जमिनी तारण दिल्या आणि त्या कर्जातून 1911 मध्ये रूझवेल्ट धरण पुरे झाले. तेव्हापासून पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला आहे, मालकाला नव्हे.

सर्वांत उपद्रवी गैरसमज तिसरा : संस्थेने पाणी थेट दारात आणून द्यावे. संस्थेचा पाटकरी वस्तीच्या उंचवट्यावरील ठरावीक ठिकाणापर्यंतच पाणी पोचवतो. तेथून पुढचा चर, नळ वा झडप ही रहिवाशांची सामाईक मालमत्ता, आणि तिची निगाही त्यांच्याच माथी. पाळी मध्यरात्री दोनला लागली, तर गमबूट चढवून, विजेरी घेऊन, स्वतः झडप उघडावी, पाणी पलीकडच्या वरंब्याला टेकेपर्यंत उभे राहावे आणि मुदत संपताच ती बंद करून पुढच्या घराचा मार्ग मोकळा करावा, हा तेथला रिवाज आहे. एकाने चरातला पालापाचोळा काढला नाही, तर खालची घरे कोरडी राहतात. एकाचा वरंबा फुटला, तर शेजाऱ्याच्या घरात पाणी शिरते. हा हक्क शेजाऱ्यांच्या परस्पर विश्वासावाचून एक दिवसही चालणार नाही, असे माझे ठाम मत आहे.

तेव्हा त्या शहरात घर घेऊ पाहणाऱ्या मराठी बांधवाने खरेदीपत्रावर सही करण्यापूर्वी त्या जमिनीच्या पाणीहक्काची नोंद संस्थेच्या दप्तरी तपासावी आणि चर वाहता आहे की बुजलेला, हे स्वतः जाऊन पाहावे.