मेळघाटात तीन रात्री

नागपूरच्या उन्हाळ्याचा ज्यांस अनुभव आहे, त्यांस डोंगराची ओढ का लागते हे सांगावयास नको. मध्यप्रांताची राजधानी नागपूर होती, तेव्हा उन्हाळा लागताच सरकारचा मुक्काम पचमढीस हलत असे. आजही मुलांच्या परीक्षा आटोपल्या की घरोघरी चिखलदऱ्याच्या गोष्टी निघू लागतात. परंतु डोंगरावर जाऊन चांगल्या खोलीत निजणे निराळे, आणि रानात राहुटी ठोकून राहणे निराळे. हा दुसरा प्रकार आमच्या घरात कोणीच अनुभविला नव्हता. तो काही वर्षांपूर्वी आम्ही अनुभविला, आणि त्यात माझ्या हातून एक मोठा प्रमाद घडला. तो सांगावा, म्हणूनच हा लेख.

आमचे कुटुंब एकत्र. एका छपराखाली तीन बिऱ्हाडे आणि चूल मात्र एक. होळीच्या आधीच्या आठवड्यात मेळघाटात जाण्याचा बेत मी मांडला, तेव्हा पहिला आक्षेप वडील बंधूंचा आला. ‘‘आईंचे वय पंचाहत्तर, त्यांना जमिनीवर निजविणार काय?’’ त्यावर आईच म्हणाली, ‘‘अरे, मी जन्मभर जमिनीवरच निजले. पलंग तर तुम्ही आणलात.’’ मग कोणासच बोलावयास जागा उरली नाही. वहिनींनी दशम्या, मेतकूट आणि भाजणीचे डबे भरले, मुलांनी वळकट्या बांधल्या, आणि एका पहाटे आमची स्वारी निघाली.

नागपूर ते सेमाडोह हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर आहे. अमरावतीवरून परतवाडा, आणि परतवाडा सोडले की घाट लागतो. अनेक घाटांचा जेथे मेळ होतो तो मेळघाट. सातपुड्याच्या या भागातून खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या पाच नद्या वाहतात व अखेर तापीला मिळतात. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग. त्या नदीकाठचे रान पाहिले म्हणजे हे नाव किती यथार्थ आहे ते पटते. १९७३ साली देशात व्याघ्रप्रकल्प सुरू झाला, तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ वनांत मेळघाटची गणना होती.

वाटेत चिखलदऱ्यास थांबून आम्ही मुलांस भीमकुंड दाखविले. भीमाने कीचकास मारून याच दरीत लोटले, म्हणून हा कीचकदरा, त्याचाच पुढे चिखलदरा झाला, अशी कथा आहे. जवळच गाविलगड. नागपूरकरांनी हा किल्ला पाहताना थोडे मान खाली घालूनच पाहावे लागते. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने तो नागपूरकर भोसल्यांकडून जिंकला. पुढे दोनच दिवसांनी देवगावचा तह होऊन कटक प्रांत आणि वर्धेच्या पश्चिमेकडील वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेले. हाच वेलस्ली पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झाला व १८१५ साली त्याने नेपोलियनचा पराभव केला. मुलांस इतिहासाचे हे पान पुस्तकापेक्षा त्या तटावर उभे राहून अधिक समजले.

आमचा तळ सेमाडोहच्या परिसरात, परवानगीने मिळालेल्या मोकळ्या जागी होता. सोबत एक प्रौढ कोरकू गृहस्थ वाटाडे म्हणून दिले होते. त्यांनी पहिल्याच संध्याकाळी दोन गोष्टी बजावल्या. काळोख पडल्यावर तळाबाहेर जावयाचे नाही, आणि दगडांनी बांधलेल्या ठरलेल्या चुलीखेरीज कोठेही विस्तव करावयाचा नाही. मुलांनी माना डोलविल्या, मीही डोलविली.

रात्र पडली तशी शहरात कधी न ऐकलेली शांतता आली. शांतता म्हणतो खरा, पण ती आवाजांनी भरलेली होती. रातव्याची एकसुरी टकटक, दूर कोठे सांबराचा भेदरलेला एकच हुंकार, सागाच्या वाळल्या पानांवरून काही चालत गेल्याची खसखस. मुले आमच्या अंगाला येऊन बिलगली. या रानात रानपिंगळा नावाचे एक दुर्मीळ घुबड आहे. १८८४ नंतर शंभरावर वर्षे ते कोणास दिसलेच नव्हते, आणि ते नष्ट झाले असाच समज होता. १९९७ साली सातपुड्यातच, शहाद्याच्या बाजूस, ते पुन्हा आढळले. पुढे मेळघाटातही त्याचा चांगला वास असल्याचे दिसून आले. हे घुबड दिवसाही हिंडते. आम्हांस ते दिसले नाही, तरी मुलांनी तिन्ही दिवस प्रत्येक फांदी निरखून पाहिली. कोणतीही वस्तू इतक्या लक्षपूर्वक पाहताना मी त्यांना घरी कधी पाहिले नव्हते.

आता माझा प्रमाद. तिसऱ्या दिवशी पहाटे आईस थंडी वाजली. ठरलेली चूल तळाच्या दुसऱ्या टोकास होती. मी राहुटीमागेच तीन दगड मांडले, काटक्या पेटविल्या आणि तिला चहा करून दिला. त्यावर तांब्याभर पाणी ओतले, चर्र असा आवाज झाला, धूर निघाला, आणि काम झाले असे समजून आम्ही सारे वाटाड्यांबरोबर नदीकडे निघालो. पाव मैल गेलो असू. ते गृहस्थ एकाएकी थांबले, वाऱ्याच्या दिशेस तोंड करून उभे राहिले, आणि एक शब्द न बोलता मागे धावत सुटले.

मी पोहोचलो तेव्हा दगडांपासून चार हातांवरची पाने काळी पडत होती. ज्वाळा म्हणावी अशी नव्हतीच. एक लाल किनार जमिनीवरून पुढे सरकत होती. त्यांनी हिरव्या फांदीने ती झोडपली, पायांनी पाने बाजूस सारून सभोवार मातीचा पट्टा उघडा केला, आणि मग दगड उचलून खाली दाखविले. तेथे एक जुने, कुजलेले मूळ आतून धुमसत होते. ‘‘पाणी वरून गेलं साहेब, आग खालीच राहिली,’’ एवढेच ते म्हणाले. मग माती उकरून त्यांनी पुन्हा पुन्हा पाणी घातले, राख कालवली, आणि शेवटी त्या राखेवर आपला पंजा ठेवून काही वेळ तसेच बसले. राख थंड लागली तेव्हाच उठले.

महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानतात. सागाची पानगळ झालेली, गवत वाळलेले, वारा सुटलेला. अशा वेळी लागलेली आग मोठ्या झाडांस बहुधा मारीत नाही. ती कोवळी रोपे, पडलेले बी आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी खाऊन जाते. आजचे रान उभे दिसते, पण उद्याचे जळालेले असते.

आईने त्यांच्यापुढे चहा ठेवला. चहा घेता घेता त्यांनी समोरच्या उतारावरील पाचसहा झाडांकडे बोट केले. ‘‘माय, ते मोह आमच्या वेचणीचे. पंधरा दिवसांत फुलं पडतील.’’ मोहाचे फूल हे त्या घरांचे वर्षाचे एक पीकच. वाळवून ठेवावयाचे, खावयाचे, विकावयाचे. फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालची पाने कित्येक जण जाळतात, आणि त्यातूनही वणवे लागतात. हे गृहस्थ मात्र खराट्याने झाडून घेतात. वारा थोडा अधिक असता, तर माझ्या एका कप चहापायी त्यांचे वर्षाचे पीक गेले असते. त्यांनी मला दोष दिला नाही. तो दिला असता तर बरे झाले असते, असे मला त्या वेळी वाटले.

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘आपण यांच्या घरी पाहुणे आलो होतो रे. पाहुण्याने यजमानाची चूल विचारल्यावाचून आपली चूल मांडू नये.’’ आणि मुलांकडे वळून, ‘‘चहा मला हवा होता. चूक माझीही धरा.’’

वनात छावणी करून राहण्याचा हा छंद जगभर पसरला त्यास शंभरावर वर्षे झाली. १९०७ साली बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडातील ब्राउनसी बेटावर मुलांची छावणी भरविली, आणि तेथूनच बालवीर चळवळीचा उगम झाला. परंतु छावणीत राहणे म्हणजे धाडस, असे आपण मानून बसतो. माझ्या अनुभवाने एवढे सांगतो, की धाडसास तेथे फारसे कामच पडत नाही. काम पडते ते सावधपणास.

जे कुटुंब असा बेत करील त्याने परवानगी आधी काढावी, पावसाळा टाळावा, आणि सामान निम्मे करून मग त्यातले पुन्हा निम्मे घरी ठेवावे. विजेरी, जाड पांघरूण व पिण्याचे पाणी यांत मात्र कसूर नको. वानरांस काही घालू नये. उष्टे, कागद व पिशव्या मोजून परत आणाव्यात. आणि वाटाडे जे सांगतील ते, आपले शिक्षण कितीही असो, निमूटपणे ऐकावे.

तिसऱ्या रात्री ठरलेल्या चुलीवर पिठले-भाकरी झाली. जेवणे आटोपल्यावर मुले पाण्याची घागर घेऊन आली. त्यांनी पाणी ओतले, राख कालवली, पुन्हा ओतले. मग आमची सर्वांत धाकटी पुतणी पुढे झाली, राखेवर आपला लहानसा हात ठेवून तिने वाटाड्यांकडे पाहिले, आणि त्यांनी मान हलविल्यावरच आम्ही निजावयास गेलो.