दोघांना पुरेल एवढं दूध

बुलढाणा जिल्ह्यात मोताळ्यापासून सिंदखेड राजापर्यंत कुठल्याही गावात जुळं झालं की बारशाच्या आधीच एक प्रश्न घरभर फिरू लागतो: एकीच्या दुधावर दोन लेकरं वाढायची कशी? उत्तरही तयार असतं. एकाला अंगावर पाजा, दुसऱ्याला वरचं दूध लावा. संध्याकाळपर्यंत कोणीतरी मेडिकलमधून पावडरचा डबा आणतं, नाहीतर शेजारच्या गोठ्यातलं म्हशीचं दूध पाणी घालून उकळलं जातं. हे सगळं काळजीपोटी होतं. पण त्याच्या मुळाशी एक समजूत आहे, ती अशी की आईचं दूध ठरलेल्या मापाचं असतं आणि तेवढंच दोघांत वाटून द्यायचं असतं. शरीराचं गणित मात्र तसं चालत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात पीटर हार्टमन यांच्या गटाने जुळ्यांना पाजणाऱ्या आठ आया आणि तिळ्यांना पाजणारी एक आई यांचं दूध मोजलं. हा अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध झाला. एका बाळाच्या आईला दिवसाकाठी साधारण पाऊण लिटर दूध येतं. या अभ्यासात जुळ्यांना निव्वळ अंगावर पाजणाऱ्या आयांचं दूध सहाव्या महिन्यात दिवसाला ८४० ग्रॅमपासून २ किलो १६० ग्रॅमपर्यंत भरलं. तिळ्यांच्या आईने तर अडीच महिन्यांच्या टप्प्यावर दिवसाला ३ किलोच्या वर मजल मारली होती. त्यासाठी ती चोवीस तासांत २७ वेळा पाजत होती. नऊ बायांचा अभ्यास लहानच म्हणायचा, आणि ८४० ग्रॅमवाली आईही त्याच नऊ जणींत होती, हे विसरायला नको. प्रत्येकीला दोन लिटर येईलच असं कोणी म्हणत नाही. पण बाईच्या शरीराची झेप कुठवर जाऊ शकते ते यातून दिसलं.

हे होतं कसं? बुलढाण्याच्या शेतकऱ्याला विहिरीवरून ते लगेच कळेल. पाणी एका पातळीपर्यंत चढलं की झरा मंदावतो. मोटर लावून उपसलं की तोच झरा पुन्हा मोकळा वाहू लागतो. दुधाचंही तसंच. साठून राहिलं की नवं बनणं मंदावतं, काढून घेतलं की वेग वाढतो. बाळ ओढू लागलं की आईच्या रक्तात प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढतं आणि ऑक्सिटोसिनमुळे पान्हा फुटतो, हे शाळेच्या पुस्तकातही असतं. मात्र प्रोलॅक्टिन रक्तातून दोन्ही स्तनांना सारखंच पोचतं. मग ज्या बाजूने जास्त पाजलं त्याच बाजूला जास्त दूध का येतं? याचं उत्तर शेळीने दिलं.

शेळीच्या कासेचे दोन भाग एकमेकांपासून स्वतंत्र असतात. एका भागातलं दूध दुसऱ्यात जात नाही. प्रयोग करणाऱ्याला याहून सोयीचं काय हवं? एकच प्राणी, तेच रक्त, तोच चारा, आणि तुलनेला दोन बाजू. केंब्रिजजवळच्या बाब्राहम संस्थेत जेम्स लिन्झेल आणि माल्कम पीकर यांनी याचाच फायदा घेतला. १९७१ साली त्यांनी दाखवून दिलं की एका बाजूचं दूध जादा वेळा काढलं तर फक्त त्याच बाजूचं उत्पादन वाढतं. म्हणजे दुधाचा लगाम मेंदूत किंवा रक्तात जसा आहे, तसा तो त्या त्या बाजूच्या आतही आहे.

पुढे पीकर स्कॉटलंडमधल्या एअर गावाजवळच्या हॅना संशोधन संस्थेत गेले आणि तिथे त्यांच्या गटाने केलेला प्रयोग मला फार आवडतो. कासेतून दूध काढायचं आणि लगेच तेवढ्याच आकारमानाचं साखरेचं निरुपद्रवी द्रावण आत भरायचं. कास भरलेली ती भरलेलीच. दाब हेच कारण असेल, तर दूध वाढायला नको. पण ते वाढलं! म्हणजे विहिरीचा दाखला इथे अपुरा पडतो. विहिरीत पाण्याचा दाब झऱ्याला अडवतो. इथे दुधातलाच कुठला तरी घटक पेशींना ‘आता थांबा’ असा निरोप देत असतो. तो घटक नेमका कोणता यावर संशोधकांचं एकमत झालेलं नाही. सेरोटोनिनचं नाव त्यात पुढे आहे. पण निरोप पोचतो याबद्दल शंका उरलेली नाही. शेळीला दोन करडं होणं हे आपल्याकडे रोजचंच, आणि दोन्ही करडं तिच्याच दुधावर वाढतात. माणसाच्या जुळ्यांना लागू पडणारा नियम शेळीच्या गोठ्यात सापडला, यात मला निसर्गाची सुंदर संगती दिसते.

आता खरी अडचण. नियम इतका सोपा असेल तर जुळ्यांच्या इतक्या आयांचं दूध कमी का पडतं? कारण दूध मागण्यावर येतं, आणि अशक्त बाळ मागत नाही.

जुळ्यांपैकी निम्म्याहून अधिक बाळं ३७ आठवडे पूर्ण होण्याआधीच जन्मतात. तिळ्यांची घाई त्याहून मोठी. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं ही तिन्ही कामं एका लयीत करायची क्षमता साधारण ३४व्या आठवड्याच्या सुमारास येते. त्याआधी जन्मलेलं दीड किलोचं बाळ स्तनाला लावलं तर दोन घोट घेतं आणि झोपी जातं. घरातले म्हणतात, किती शांत आहे! पण ते शांत नसतं, थकलेलं असतं. दूध आत राहतं, थांबण्याचा निरोप पेशींना मिळतो, दुसऱ्या दिवशी दूध आणखी कमी होतं. मग डबा उघडला जातो. डब्याने पोट भरलं की बाळ अंगावर आणखी कमी ओढतं. आठवड्याभरात ‘दूधच नव्हतं’ असा निष्कर्ष निघतो आणि त्याचा दोष आईच्या माथी येतो.

म्हणून अशा बाळांच्या वतीने मागणारं कोणीतरी हवं. पहिली मागणी हातांची. बाळंतपणानंतर पहिल्या काही तासांतच दूध हाताने काढायला लागायचं, आणि दिवसरात्र मिळून किमान आठ वेळा काढायचं. रात्र टाळायची नाही. पहिल्या दिवशी चमचाभर चीकच निघेल. तोही बाळांनाच द्यायचा, फेकायचा नाही. पाजायचं वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने. आपल्या आज्यांचं ते चोचीचं बोंडलं विज्ञानाच्या कसोटीला उतरलेलं आहे. दिल्लीच्या डॉ. इंदिरा नारायणन आणि सहकाऱ्यांनी बाटली, कप आणि दक्षिणेत पलाडाई म्हणतात ते बोंडलं यांची तुलना केली, तेव्हा बोंडल्याने बाळांनी कमी वेळात जास्त दूध घेतलं. शिवाय ते उकळून स्वच्छ करता येतं. बाटलीच्या बुचात साचणारी घाण हेच खेड्यातल्या कितीतरी जुलाबांचं मूळ असतं.

आईचं स्वतःचं दूध उतरेपर्यंत काय करायचं, याचं उत्तर महाराष्ट्रानेच दिलं आहे, आणि ते देणाऱ्या बाईंचं नाव घरोघरी माहीत असायला हवं होतं. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस नवजात विभाग सांभाळत होत्या. परिचारिका कमी, बाळं खूप, आणि जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू थांबत नव्हते. त्यांनी बाटल्या आणि पावडर वॉर्डाबाहेर काढल्या आणि आयांना आत घेतलं. बाळाची काळजी आईनेच घ्यायची, दूध तिचंच द्यायचं. १९८९ साली याच रुग्णालयात आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू झाली. ज्यांना जास्त दूध येतं त्या आया ते दान करतात, ६२.५ अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवून ते निर्जंतुक होतं, गोठवलं जातं आणि ज्यांच्या आयांना अजून पुरेसं उतरलेलं नाही अशा नाजूक बाळांना दिलं जातं. यंत्रांच्या आणि महागड्या इंजेक्शनांच्या बातम्या होतात. धारावीच्या शेजारच्या महापालिकेच्या रुग्णालयातल्या या कामाला तेवढी जागा कधी मिळाली नाही, याची खंत वाटते.

दुसरी मागणी उबेची. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात इन्क्युबेटर अपुरे पडत होते, तेव्हा एडगर रे सनाब्रिया यांनी अपुऱ्या दिवसांची बाळं आईच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. ती कांगारू पद्धत. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांत घेतलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ साली आले: बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच कांगारू काळजी दिली तर कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू २५ टक्क्यांनी कमी होतात. जुळ्यांच्या घरी यात बापाला, आजीला, आत्याला मानाचं काम मिळतं. एक बाळ आईच्या छातीशी, दुसरं त्यांच्यापैकी कोणाच्या तरी छातीशी, मग अदलाबदल. बापाच्या छातीलाही तीच ऊब असते.

आपल्याच विदर्भात, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९९५पासून ३९ गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली. वजन करणं, ऊब देणं, पाजायला मदत करणं, जंतुसंसर्ग ओळखणं. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचं प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झालेलं होतं. आज आशाताई घरी येतात ती योजना याच कामातून वाढली.

तिसरी मागणी न्यायाची. २०११च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुली ९००हूनही कमी होत्या. अशा जिल्ह्यात मुलगा-मुलगी असं जुळं झालं आणि ‘एकाला अंगावर, दुसऱ्याला वरचं’ असं ठरलं, तर अंगावर कोण आणि वरच्या दुधावर कोण, हे उघडपणे विचारायलाच हवं. याला साधा उपाय आहे. भिंतीवर वही टांगा, प्रत्येक बाळाच्या नावाखाली पाजल्याची वेळ लिहा, आठवड्याला दोघांचं वजन लिहा. कोण मागे पडतंय ते आकड्यांतून दिसतं. बाजू आलटून पालटून पाजा, म्हणजे जोरकस बाळाने वाढवलेल्या दुधाचा लाभ अशक्त बाळालाही मिळतो. आई सरावली की दोन्ही काखांतून दोघांना एकदमच पाजता येतं. उशा लावून द्यायला आणि बाळं धरून द्यायला मात्र दुसरं माणूस लागतं.

डॉक्टरांनी तपासून वरचं दूध सांगितलं तर ते द्यावं, आणि त्याची लाज कोणी बाळगू नये. अर्धं अंगावरचं आणि अर्धं वरचं असं झालं, तरी त्या अर्ध्याचं मोल कमी होत नाही. पण ‘आईच्या दुधाइतकंच सकस’ अशी भलामण कोणी केली तर विश्वास ठेवू नका. आपल्या देशात बाळांच्या पावडरची जाहिरात करायला १९९२च्या कायद्याने बंदी आहे आणि २००३ साली हा कायदा आणखी कडक झाला. डबे उगाच वाटले जाऊ नयेत, म्हणून हा कायदा आला.

राहिली आई. एका बाळाला पाजणाऱ्या बाईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे ६०० उष्मांक जादा लागतात, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद सांगते. दोन बाळांसाठी दीड लिटर दूध बनायचं तर त्या दुधातच हजारेक उष्मांक जातात. बाळंतिणीचं पाणी तोडणाऱ्या आणि तिला पातळ वरण-भातावर ठेवणाऱ्या घरात ते येणार कुठून? ज्वारीची भाकरी, तुरीचं घट्ट वरण, शेंगदाणे, पालेभाजी, अंडी, दूध, आणि तहान लागेल तेवढं पाणी. अळीव, शतावरीने दूध दुप्पट होतं असा भक्कम पुरावा नाही. लाडू खावेत ते अन्न म्हणून. भरीला झोप. रात्रीचं एक पाजणं वाटी-चमच्याने दुसऱ्या कोणी उरकलं, तरी तिला सलग तीन-चार तास मिळतात.

जुळी असली की घरभेटींचा आशाताईंचा मोबदला दुप्पट धरायचा आणि तिळी असली की तिप्पट, असं शासनाच्या मार्गदर्शक सूचनांतच आहे. कामाचं ओझं किती वाढतं हे कागदाने ओळखलं आहे. घराने ते अजून ओळखायचं आहे. जुळ्यांच्या आईला एकीचंच ताट, एकीचीच विश्रांती आणि घरची सगळी कामं देऊन दोघांचं दूध मागायचं, हा हिशेब जुळत नाही. तिचं ताट वाढवा, तिची कामं वाटून घ्या, निजलेल्या बाळाला दर दोन-तीन तासांनी उठवून तिच्याजवळ द्या. मग दूध पुरतं का हा प्रश्न विचारायचा अधिकार आपल्याला येईल, आणि बहुतेक घरांत तो विचारायची वेळही येणार नाही.