नाव कोणी ठेवायचे?

आपल्या समाजव्यवस्थेत नाव ही व्यक्तीची खासगी बाब कधीच नव्हती. ब्राह्मणाचे नाव मंगलसूचक, क्षत्रियाचे बलसूचक, वैश्याचे धनसूचक आणि शूद्राचे निंदासूचक असावे, असा नियम मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात आहे. हा ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळला गेला. त्याच रायगड जिल्ह्यातल्या पनवेलचा दलित तरुण आज फोनवर खाते उघडतो, तेव्हा त्याच्यापुढेही नावाचे नियम येतातच. ते नीट समजून घेतले पाहिजेत.

मराठी विकिपीडियाचे उदाहरण घ्या. २००३ साली सुरू झालेल्या या ज्ञानकोशात कोणालाही सदस्यनाव घेता येते. ते देवनागरीत चालते. खरे नाव, आडनाव सांगण्याची सक्ती नाही. जो आधी घेईल त्याचे ते नाव. मात्र दुसऱ्याचे सोंग घेणारे, शिवीगाळीचे वा जाहिरातीचे नाव चालत नाही. खाते एकाच माणसाचे असावे, म्हणून मंडळाच्या चार कार्यकर्त्यांनी मिळून एक खाते चालवणे नियमात बसत नाही. नाव बदलून मागता येते, आणि जुने लेखन नव्या नावावर जाते. खाते मात्र पुसले जात नाही. कारण कोणी काय लिहिले याची नोंद राहिली पाहिजे.

फेसबुकची रीत निराळी. तेथे रोजच्या व्यवहारातले नाव लागते आणि शंका आल्यास ओळखपत्रही मागतात. नियम वरवर सर्वांना सारखा. पण आपल्याकडे आडनाव विचारणे म्हणजे बहुधा जात विचारणेच. एकाच्या आडनावाने शब्दाला वजन येते, तर दुसऱ्याचे आडनाव दिसताच मजकूर वाचण्याआधी निकाल लागतो. ‘एक्स’वर टोपणनाव चालते, परंतु खात्याची खूण रोमन अक्षरे, आकडे आणि अधोरेषा यांतूनच, पंधरा अक्षरांच्या आत बनवावी लागते. मराठीला तेथे जागा नाही.

टोपणनाव ही पळवाट आहे, असे कोणी म्हणेल. पण आडनाव झाकून लिहिणारा भित्रा नव्हे, आणि पूर्ण नावानिशी लिहिणारा उद्धटही नव्हे. जोखीम ज्याची, निवडही त्याचीच असली पाहिजे. टोपणनाव घेतले तर त्या खात्यावर वस्तीचा वा नोकरीचा पत्ता लागू देऊ नये, आणि परवलीचा शब्द मित्रालाही देऊ नये.

मनूच्या नियमात नाव दुसरा ठरवत होता. नवे नियमही याच कसोटीवर घासून पाहावेत.