शर्यतीच्या नौकेवरील दामण : कप्प्यांचा लाभ आणि त्याची मर्यादा

गडचिरोली जिल्ह्यातील वनांत सागवानाचे ओंडके हलविण्यासाठी हत्तींचा उपयोग करीत असत. तेथे बळ व भार यांचा संबंध सरळ असे. हत्ती जितके अंतर चाले तितकाच ओंडका सरके. मनुष्याच्या हाती एवढे बळ नसल्यामुळे तो कप्पी योजतो. परंतु या लाभाची किंमत कोणती, हे शर्यतीच्या शिडाच्या नौकेवर विशेष स्पष्टपणे दिसते.

१९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील नौकाशर्यती मुंबईस झाल्या. त्यांत फायरबॉल वर्गात फारुख तारापोर व झरीर करंजिया यांनी भारतास सुवर्णपदक मिळवून दिले. पीटर मिल्न यांनी १९६२ च्या सुमारास आखलेली ही हलकी नौका जवळजवळ ४.९ मीटर लांब असून ती दोघे चालवितात. एक जण सुकाणू व मुख्य शीड सांभाळतो. दुसरा डोलकाठीपासून आलेल्या तारेच्या आधाराने नौकेबाहेर झुकून तिचा तोल राखतो. मुख्य शिडाच्या खालच्या कडेस बूम नावाची आडवी काठी असते. ती आत ओढणारी व बाहेर सोडणारी दोरी म्हणजे दामण होय.

वाऱ्याचा झोत आला की दामण तत्काळ सैल सोडावी लागते. विलंब झाल्यास नौका उलटते. म्हणून दामणीने हलकेपणाने ओढले जावे एवढेच पुरेसे नाही. ती तितक्याच सहजतेने सुटलीही पाहिजे.

बूमवर ४० किलोग्रॅम भार आहे असे मानू. दोरीचे चार पदर तो भार वाहत असतील, तर घर्षण नसताना हातावर १० किलोग्रॅम ताण येईल. मात्र बूम १ मीटर आत आणण्यासाठी ४ मीटर दोरी ओढावी लागेल, आणि सोडतानाही तेवढीच दोरी कप्प्यांतून जावी लागेल. आता प्रत्येक कप्पीत दशांश ताण वाया जातो असे धरू. चार कप्प्यांतून दोरी ओढावयास सुमारे १२.९ किलोग्रॅम लागतील. उलट हाताचा ताण ७.६ किलोग्रॅमपर्यंत उतरल्यावाचून दोरी बाहेर सरकणार नाही. या दोन मर्यादांच्या दरम्यान दोरी निश्चल राहते आणि वाऱ्यातील सूक्ष्म फरक हातास कळत नाही. या मर्यादांचे परस्परप्रमाण चार पदरांत १.७ आहे, दोन पदरांत ते १.४ इतकेच राहते. तात्पर्य, कप्प्या वाढविल्याने हातावरचा भार कमी होतो, पण हाताची जाणीवही बोथट होते.

यास्तव शर्यतीच्या अनेक नौकांवर पदर थोडे ठेवतात. एका प्रचलित रचनेत नौकेच्या मागील भागी दोन्ही कडांस बांधलेल्या आखूड दोरीच्या मध्यापासून दामण निघते. ती बूमच्या टोकावरील कप्पीतून पुढे बूमच्या मध्यावरील कप्पीकडे जाते, आणि तेथून खाली नौकेच्या तळावरील कप्पीतून चालकाच्या हाती येते. घर्षण वगळल्यास टोकावरील खालची ओढ पूर्ण व मध्यावरील ओढ निम्मी परिणामकारक ठरते. म्हणजे एकूण लाभ दीडपट. उरलेले साहाय्य तळावरील रॅचेट कप्पी करते. तिचे चाक ओढताना मोकळे फिरते व सोडताना अडते, त्यामुळे दोरीची पकड हाताचा भार हलका करते. हात सैल होताच दोरी घसरून सुटते. जवळची दातेरी पकड दोरी धरून ठेवते, पण एका झटक्याने ती मोकळी करता आली पाहिजे.

दामणीची दिशाही विचारात घ्यावी लागते. बूम आत असता ती बव्हंशी खाली ओढते. बूम बाहेर गेली की तिची ओढ आडवी होते व शिडाचा वरचा भाग पिळला जातो. तेव्हा बूम खाली धरण्याचे काम डोलकाठीच्या पायथ्याशी जोडलेल्या स्वतंत्र दोरीकडे सोपवावे लागते.

सारांश, दोरी पीळ नसलेली, कप्प्या चांगल्या फिरणाऱ्या, आणि दामणीच्या शेवटी ती कप्पीतून निसटू नये म्हणून गाठ, एवढी काळजी आवश्यक आहे. कप्प्यांची संख्या मात्र ओढण्याच्या सोयीवरून नव्हे, तर सोडण्याच्या निकडीवरून ठरवावी.