माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या आणि शेतीचे अर्थशास्त्र

माजी विद्यार्थ्यांनी आपल्या विद्यापीठाला देणगी द्यावी, यात आक्षेपार्ह असे काहीच नाही. आपल्याकडे ही वृत्ती अभावानेच आढळते, म्हणून अमेरिकेकडे बोट दाखवण्याचा प्रघात पडला आहे. तथापि देणग्यांनी केवळ इमारती उभ्या राहतात असे नव्हे, तर विषयाची दिशाही त्यांच्यामुळे हळूहळू ठरत जाते. न्यूयॉर्क राज्यातील कॉर्नेल विद्यापीठाच्या कृषी-अर्थशास्त्र विभागाची हकिकत या दृष्टीने पाहण्याजोगी आहे.

१८६२ च्या कायद्यान्वये सरकारी जमिनींच्या विक्रीतून अमेरिकेत शेतकी शिक्षण देणारी जी विद्यापीठे निघाली, त्यांपैकी हे एक. तेथील जॉर्ज वॉरेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी शेतोशेती हिंडून शेतकऱ्यांचे जमाखर्च टिपले. त्या पाहणीचा अहवाल १९११ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे विभागाची नावे बदलत गेली, 'कृषी' हा शब्द गळला आणि 'उपयोजित अर्थशास्त्र व व्यवस्थापन' असे नामाभिधान आले. २०१० मध्ये डायसन कुटुंबाने अडीच कोटी डॉलर दिले. या घरचे दोन पुत्र कॉर्नेलचेच माजी विद्यार्थी. विभागाला त्यांच्या वडिलांचे, चार्ल्स डायसन यांचे, नाव मिळाले. २०१६ मध्ये तो नव्या व्यवसाय महाविद्यालयात सामील झाला, आणि २०१७ मध्ये फिस्क जॉन्सन व त्यांच्या कंपनीने १५ कोटी डॉलर दिल्यावर त्या महाविद्यालयाला कंपनीचे नाव लागले. शेतकी महाविद्यालयाशी असलेले नाते तुटलेले नाही, हे खरे. पण पाटीवर शेती उरलेली नाही.

यात कोणाचे कारस्थान शोधण्याचे कारण नाही. 'कृषी' शब्द गळला तो या देणग्यांच्या आधीच. प्रश्न वेगळा आहे. कृषी-अर्थशास्त्र शिकून जो सहकारी पतपेढीत किंवा शेतकी खात्यात गेला, त्याच्यापाशी देण्यासारखे फारसे काही नसते. जो भांडवल बाजारात गेला, त्याच्यापाशी असते. साहजिकच ज्या शाखेतून पैसा निर्माण होतो, त्याच शाखेकडे तो परत वाहतो. शिवाय अशा निधीचे मुद्दल कायम ठेवून वर्षाला साधारण चार ते पाच टक्केच खर्च करण्याची रीत आहे. म्हणजे अडीच कोटींवर वर्षाला दहा ते साडेबारा लाख डॉलर, आणि तेही पिढ्यान्‌पिढ्या. सरकारी अनुदान अंदाजपत्रकाबरोबर बदलते. निधीला जोडलेली अट मात्र बदलत नाही.

परंतु अट नेहमी शेतीच्या विरोधातच असते असेही नाही. कॉर्नेलचेच वास्तुशास्त्राचे पदवीधर रतन टाटा यांच्या काळात, २००८ मध्ये, टाटा विश्वस्त निधीने पाच कोटी डॉलर दिले. त्यांतील निम्मे भारतीय विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी होते, निम्मे भारतातील शेती व पोषण यांच्या संशोधनासाठी. वास्तुशास्त्राच्या पदवीधराच्या पुढाकाराने शेतीच्या अभ्यासाला पैसा मिळावा, हा योग मौजेचा खरा. (भारतातील पैसा अमेरिकेत का गेला, असे त्या वेळी विचारले गेले नसेल असे नाही.)

आपल्याकडे या विषयाची परंपरा पैशाने मोठी नसली तरी कामाने मोठी आहे. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाची पाहणी १९१७ मध्ये प्रसिद्ध केली, ती वॉरेन यांच्या अहवालानंतर अवघ्या सहा वर्षांनी. रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून १९३० मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली आणि धनंजयराव गाडगीळांच्या मार्गदर्शनाखाली तिने वाई तालुक्यातील शेती-व्यवसायाची पाहणी १९४० मध्ये छापली. काळे या संस्थेचे माजी विद्यार्थी असणे शक्यच नव्हते. संस्था तेव्हा जन्मायचीच होती.

आज राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील कृषी विद्यापीठांतून बाहेर पडलेले पदवीधर बँकांत, महसूल व शेतकी खात्यांत, बियाण्यांच्या कंपन्यांत सर्वत्र आहेत. त्यांचे मेळावे भरतात, शाल-श्रीफळ होते, जुन्या वसतिगृहातील मेसच्या आमटीची आठवण निघते आणि मंडळी पांगतात. यांच्याकडून कोट्यवधींची अपेक्षा कोणी करीत नाही. परंतु एका तुकडीतील पन्नास जणांनी वर्षाला हजार-हजार रुपये दिले, तरी पन्नास हजार होतात. तेवढ्यात पाच-सहा विद्यार्थ्यांना उन्हाळ्याच्या सुटीत एखाद्या कोरडवाहू गावी राहून ज्वारी-तुरीचा घरोघरचा जमाखर्च लिहिता येईल. या निधीला कोणाचे नाव देऊ नये आणि विषय निवडण्याचा अधिकार विभागाकडेच राहावा, एवढे मात्र आरंभीच लेखी ठरवून घ्यावे लागेल.