एकटा जीव, पण शेजार पक्का

अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात रात्री एखाद्या टेकाडातून ठकठक, ठकठक ऐकू आली, तर समजावं, घरमालक घरातच आहे. मागचे लांब पाय जमिनीवर आपटून तो आजूबाजूला बजावत असतो: हे बीळ माझं! हा कांगारू उंदीर. याच्या जाती बऱ्याच. ही शेपटीला पांढरा गोंडा असलेली, वजनाला सव्वाशे ग्रॅमच्या आसपास.

ठोक्यांची लय प्रत्येकाची वेगळी. जॅन रँडल या प्राणिशास्त्रज्ञ बाईंनी तिचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. शेजाऱ्याचे ठोके कोणते आणि परक्याचे कोणते, हे या उंदरांना बरोबर कळतं. त्याहून नवल म्हणजे, बिऱ्हाड हलवून नवा शेजार मिळाला की हा पठ्ठ्या आपली लयही बदलू शकतो.

साप आला तर? पळ काढायचा सोडून हा जरा अंतर राखून त्याच्यासमोरच पाय आपटतो. दबा धरून बसणाऱ्या सापाची सगळी मदार शिकार बेसावध असण्यावर. शिकार सावध आहे हे कळलं की तो तिथून निघतो. पिल्लं असलेली आई तर हे जास्तच जोमानं करते. याच्याच एका भाऊबंदाचं सापाशी झुंजतानाचं चित्रण शास्त्रज्ञांनी संथ गतीनं पाहिलं. सापानं झडप घातल्यावर साधारण ७० मिलिसेकंदांत, म्हणजे डोळ्याची पापणी लवायच्या आत, तो उसळी घेतो. तोंडात सापडलाच, तर हवेतल्या हवेत सापाला लाथ हाणून सुटतो!

आता घर बघू. टेकाड मीटरभर उंच होऊ शकतं, रुंदी चार मीटरच्याही पुढे. दारं अनेक, आत बोगद्यांचं जाळं. बांधायला दोनएक वर्षं लागतात आणि एवढ्या पसाऱ्यात राहतं कोण, तर एकच मोठं जनावर. म्हणून तयार घराला मोल फार. पिल्लं मोठी झाल्यावरही आईच्या घरात रेंगाळतात आणि कधीकधी आईच घर लेकराला सोडून शेजारच्या टेकाडात राहायला जाते. उंदरांच्या दुनियेत मला सगळ्यात भावते ती ही गोष्ट.

कोठार तर विचारूच नका. १९२२ साली छापलेल्या एका अभ्यासात एकाच बिळातून पाच किलोंहून जास्त बिया निघाल्याची नोंद आहे. या बिया येतात गालांबाहेरच्या पिशव्यांतून. पिशव्यांना आतून लव असते, त्यामुळे तोंडातला ओलावा बियांवर वाया जात नाही. गंमत अशी की याला किंचित बुरसटलेल्या बिया जास्त आवडतात, आणि लोणचं मुरवणाऱ्या सुगरणीच्या नजरेनं तो त्या हव्या तेवढ्या बुरसटतील अशा बेतानं हलवत राहतो. पाणी मात्र प्यावं लागत नाही. बियांच्या पचनातून जे मिळतं, तेवढ्यावर भागतं.

आपल्या थरच्या वाळवंटातला आणि कच्छमधला वाळवंटी जर्ड हा उंदीर मात्र अगदी उलट वळणाचा: वसाहत करून राहणारा आणि दिवसाउजेडी फिरणारा. कांगारू उंदीर चांदण्यातसुद्धा बाहेर पडायला कचरतो, कारण घुबडं असतात.

एवढ्याशा जिवाचा पसारा केवढा, ते ॲरिझोनातल्या पोर्टल गावाजवळ कळलं. १९७७ साली तिथं काही तुकड्यांना कुंपण घालून कांगारू उंदरांना बाहेर ठेवलं. बारा वर्षांत तिथल्या झुडपाळ रानात उंच गवत माजलं! बिया खाणारे आणि माती उकरणारे गेले, तर रानच पालटलं.

कॅलिफोर्नियातला महाकांगारू उंदीर तर बिया आधी जमिनीवर ढीग घालून वाळवतो आणि मगच आत नेतो. शेतीखाली त्याची बहुतेक जमीन गेली; १९८७ पासून तो सरकारी संकटग्रस्त यादीत आहे. तिथल्या कॅरिझो मैदानात त्याचे ढीग अजून दिसतात.