नदी आजारी पडली हे गळ टाकून बसणाऱ्यांना आधी का कळतं?

जुलै २०१३ ची सुरुवात. दक्षिण इंग्लंडमधल्या केनेट नदीत काही स्वयंसेवक नेहमीप्रमाणे उतरले. गुडघाभर पाण्यात उभं राहून तळातले दगडगोटे पायाने ढवळायचे, प्रवाहाबरोबर येणारे किडे जाळीत धरायचे आणि मोजून पुन्हा नदीत सोडायचे, एवढंच त्यांचं काम. एरवी शेकडो जीव वळवळणारी ही जाळी या वेळी जवळपास रिकामी निघाली. मार्लबरो गावाच्या खालच्या अंगाला सुमारे १५ किलोमीटरपर्यंत नदीच्या तळातले कीटक आणि पाण्यातले झिंग्यासारखे बारीक जीव मरून गेल्याचं तपासात दिसून आलं. क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून नदीत पोहोचलं होतं.

मेलेले मासे पाण्यावर तरंगले असते तर ते कुणालाही दिसले असते. तळातले किडे नाहीसे झाले हे मात्र ते रोज पाहणाऱ्यालाच कळतं. इंग्लंडमध्ये असे रोज पाहणारे लोक बऱ्याचदा शास्त्रज्ञ नसतात. ते फ्लाय फिशिंग करणारे हौशी लोक असतात.

पिसांची माशी

आपल्याकडे कोकणात मासे गरवायला जाणारा माणूस गरीला गांडूळ किंवा कोळंबी लावतो, दोरीला शिशाचा तुकडा बांधतो आणि ती पाण्यात भिरकावतो. फ्लाय फिशिंगमध्ये यातलं काहीच नसतं. इथे बारीक गळावर दोरा, पिसं आणि केस गुंडाळून खोटी माशी तयार केली जाते. तिला वजन जवळजवळ नसल्याने ती एकटी फेकता येत नाही. म्हणून दोरीच जाड आणि जड असते. ती चाबकासारखी मागेपुढे फिरवून सोडायची आणि टोकाची माशी पाण्यावर अलगद उतरवायची.

कल्पना जुनी आहे. मॅसेडोनियातले लोक गळाला लाल लोकर आणि कोंबड्याची पिसं बांधून मासे धरतात, असं रोमन काळातल्या एलियन या लेखकाने सुमारे १८०० वर्षांपूर्वी नोंदवून ठेवलं. साहित्य आजही फारसं बदललेलं नाही. कोंबड्याच्या मानेची पिसं, सशाच्या कानाची लव, घरच्या कुत्र्याला विंचरताना निघालेले केस, सगळं चालतं. विल्टशायरमधल्या एव्हन नदीचा रखवालदार फ्रँक सॉयर याने तर तांब्याची बारीक तार आणि फेझंट पक्ष्याच्या शेपटीचं पीस एवढ्या दोनच वस्तूंतून एक ‘माशी’ बनवली. ती आज जगभर वापरली जाते.

किड्याचं वेळापत्रक

खरी अडचण माशी बांधण्यात नाही, कोणती बांधायची यात आहे. ट्राउट मासा खाण्याच्या बाबतीत चोखंदळ असतो. त्या घटकेला पाण्यात ज्या किड्याची झुंबड उडाली असेल, त्याच्यावरच तो डोळा ठेवून असतो आणि बाकीच्यांकडे ढुंकूनही पाहत नाही. त्यामुळे मासे धरणाऱ्याला किड्यांचं वेळापत्रक पाठ करावं लागतं.

त्यात मेफ्लायचा मान मोठा. तिचं पिल्लू पाण्याच्या तळाशी वाढतं. इंग्लंडमधल्या सर्वांत मोठ्या जातींपैकी एक असलेल्या मेफ्लायचं पिल्लू तर गाळात बीळ करून बहुधा दोन वर्षं राहतं. मे महिन्याच्या मध्यापासून ही पिल्लं पृष्ठभागावर येतात, कात टाकतात आणि मळकट पंखांनी उडून काठावरच्या झाडांत बसतात. मासेमार या अवस्थेला ‘डन’ म्हणतात. तिथे पुन्हा एकदा कात टाकली जाते आणि काचेसारख्या पंखांचा ‘स्पिनर’ बाहेर पडतो. उडण्याजोगे पंख फुटल्यावर परत कात टाकणारा दुसरा कोणताही कीटक आज अस्तित्वात नाही. प्रौढ मेफ्लायला खाण्याजोगं तोंडही नसतं. जोडी जमवायची, अंडी घालायची आणि संपायचं. सगळं काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत.

पिल्लू, डन, स्पिनर अशा प्रत्येक अवस्थेची खोटी माशी वेगळी असते. पाण्यावर तरंगणारीच वापरावी की पाण्याखालचीही चालेल, यावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हॅलफर्ड आणि स्क्यूज यांच्या अनुयायांमध्ये हमरीतुमरीच्या चर्चा झडल्या. बाहेरच्याला हे हास्यास्पद वाटेल. पण या वादापायी दोन्ही पक्षांनी नदीतले किडे ज्या बारकाईने पाहिले, तसे त्या काळी फार थोडे लोक पाहत होते.

घरामागची बाग आणि नदी

हे किडे नदीपुरते राहत नाहीत. उडायला लागले की ते काठावरच्या बागांमध्ये येतात. पाकोळ्या, धोबी पक्षी, वटवाघळं आणि खिडकीच्या चौकटीतले कोळी यांची त्या दिवसांत चंगळ असते. बागेतल्या पक्ष्यांनी पिल्लांना भरवलेला घास अनेकदा नदीत वाढलेला असतो.

उलट दिशेनेही बरंच काही जातं. मेफ्लाय पाणी ओळखते ते पृष्ठभागावरून परावर्तित होणाऱ्या ध्रुवित प्रकाशावरून. डांबरी रस्ता आणि चकचकीत गाडी यांवरूनही तसाच प्रकाश येतो. म्हणून मेफ्लाय रस्त्यावरच अंडी घालतात, हे हंगेरीतल्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवून दिलं. ती अंडी अर्थातच वाया जातात.

याहून गंभीर गोष्ट पिसवांच्या औषधाची. इंग्लंडमधल्या २० नद्यांतून २०१६ ते २०१८ या काळात घेतलेल्या पाण्याच्या नमुन्यांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ९८ टक्क्यांहून अधिक नमुन्यांत फिप्रोनिल हे कीटकनाशक सापडलं. शेतीत त्याचा वापर नगण्य होता. कुत्र्या-मांजरांच्या मानेवर टाकायच्या पिसवांच्या औषधात मात्र ते सर्रास असतं. कुत्र्याला आंघोळ घातली, त्याचं अंथरूण धुतलं की ते पाणी गटारातून प्रक्रिया केंद्रात आणि तिथून नदीत जातं. काठावर धन्याशेजारी बसणारा, मधूनच पाण्यात उडी मारणारा मासेमाराचा कुत्राही याला अपवाद नाही.

तीन मिनिटांची मोजणी

अशा गोष्टी पाण्याच्या रंगावरून कळत नाहीत. दूषित पाणी वाहून गेल्यावर घेतलेला नमुना स्वच्छही निघू शकतो. तळातले किडे मात्र महिनोन्‌महिने तिथेच असतात, त्यामुळे मधल्या काळात काय घडून गेलं ते त्यांच्या संख्येत उमटतं. ब्रिटनमधली रिव्हरफ्लाय मोजणी याच तत्त्वावर चालते. महिन्यातून एकदा, ठरलेल्या जागी, तीन मिनिटं तळ ढवळायचा. मेफ्लायचे चार गट, घर बांधणाऱ्या आणि न बांधणाऱ्या कॅडिस अळ्या, स्टोनफ्लाय आणि गॅमरस नावाचा झिंग्यासारखा जीव असे आठ गट मोजायचे. नऊपर्यंत सापडले तर एक गुण, ९९ पर्यंत दोन, ९९९ पर्यंत तीन, त्यापुढे चार. बेरीज त्या जागेसाठी ठरलेल्या आकड्याखाली गेली की पुन्हा मोजायचं आणि तरीही कमीच आली तर पर्यावरण खात्याला कळवायचं.

किड्यांवरून पाणी जोखण्याची पद्धत भारतातही आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जैविक निकषांत तळातल्या अशाच जीवांच्या कुळांना गुण दिले जातात. सह्याद्रीतल्या एखाद्या वाहत्या ओढ्यातला दगड उलटून पाहिला, तर चपट्या अंगाचं, पोटाच्या दोन्ही कडांना कल्ले हलवत दगडाला चिकटून सरकणारं मेफ्लायचं पिल्लू दिसू शकतं. त्याला बहुधा तीन शेपट्या असतात. दोनच दिसल्या आणि पोटाच्या कडांना कल्ले नसले, तर ती स्टोनफ्लाय असण्याची शक्यता जास्त; आणि स्टोनफ्लायला घाण पाणी अजिबात खपत नाही. पाहून झाल्यावर दगड होता तसाच परत ठेवावा.